तुझ्या ओढ्याकडच्या मातीबद्दल

पुणे

प्रिय बंडू,

तुझा माती परीक्षणाचा अहवाल व्हॉट्सॲपवर मिळाला. निकेल, क्रोमियम, जस्त, कॅडमियम, सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति किलोत, खाली गोल शिक्का, आणि त्याखाली तुझा प्रश्न : "हे वाचून मी करायचं काय?" फोनवरच सांगितलं असतं, पण तू "थांब, मोटर चालू करून येतो" म्हणतोस आणि तासभर गायब होतोस. म्हणून लिहायला बसलो.

अहवालात खोट काही नाही. माती तीव्र आम्लात उकळायची, तिच्यातला जवळजवळ सगळा धातू सोडवून घ्यायचा आणि यंत्रावर मोजायचा, अशी ती रीत. पण तुझी मेथी माती आम्लात उकळून खात नाही! मातीच्या कणांना घट्ट धरून बसलेलं निकेल मुळांच्या हाती लागत नाही. ओलाव्यात सुटं झालेलं तेवढंच लागतं. एकूण धातू किती आणि त्यातला सजीवाच्या आत शिरू शकेल असा किती, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर एखाद्या सजीवाकडूनच घ्यावं हे बरं. तू मागे चमकणाऱ्या जिवाणूंबद्दल विचारत होतास ना, ते इथे उपयोगी पडतात.

1976 मध्ये बेल्जियममधल्या एका जस्ताच्या कारखान्यात, टाकीच्या गाळात एक जिवाणू सापडला. आज त्याला क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्स म्हणतात. (याचं बारसं इतक्यांदा झालंय की जुने शोधनिबंध हुडकताना डोकं धरायची वेळ येते.) इतरांना विष ठरणाऱ्या धातूंत हा बिनधास्त राहतो, कारण आत शिरलेला धातू बाहेर उपसणारे पंप त्याच्याकडे आहेत. ते पंप बनवणारी जनुकं एरवी गप्प असतात, निकेल आत आलं की जागी होतात. शास्त्रज्ञांनी त्या जागं करणाऱ्या कळीलाच व्हिब्रिओ फिशेरी या समुद्री जिवाणूची प्रकाश देणारी जनुकं जोडली. आता निकेल शिरलं की निळसर-हिरवा उजेड पडतो. निकेल वाढेल तसा उजेड वाढतो, एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे जिवाणूच मरू लागतात. क्रोमेटसाठी, म्हणजे क्रोमियमच्या पाण्यात विरघळणाऱ्या विषारी रूपासाठी, याच धर्तीवर वेगळा वाण केलेला आहे.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जोडीचा वाण. धातू असो वा नसो, तो कायम चमकत असतो. तुझी माती पाण्यात कालवली की गढूळपणा उजेड अडवणार, शिवाय मातीत दुसरंच काही विष असलं तर जिवाणू दमणार. तो जोडीदारही मंदावला, तर दोष धातूच्या मोजणीत धरायचा नाही. आकडा त्या हिशेबाने दुरुस्त करून घ्यायचा.

बेल्जियममध्येच लोमेल गावाजवळ जस्ताच्या भट्टीने उजाड केलेली जमीन होती. 1990 मध्ये तिच्या काही भागात बेरिंगाइट नावाची अल्कधर्मी भुकटी मिसळली. धातू जागच्या जागीच राहिला, पण विरघळेनासा झाला, आणि गवत धरलं. अशा जमिनीत आम्लाची चाचणी पूर्वीइतकाच आकडा दाखवणार. जिवाणूंना मात्र फरक कळतो.

तुझी काळी माती मुळातच चुनखडीची, सामू आठाच्या आसपास. निकेल आणि कॅडमियम ती बऱ्यापैकी धरून ठेवते, ही जमेची बाजू. क्रोमियमचं गणित उलटं आहे. धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांच्या सांडपाण्यातलं क्रोमेट ऋणभारित असतं, अल्कधर्मी मातीत ते जास्तच मोकळं फिरतं आणि विहिरीकडे जाऊ शकतं. अहवालात नुसतं "क्रोमियम" लिहिलंय, त्यातलं क्रोमेट किती ते नाही. मला खरी काळजी त्याची वाटते.

जिवाणूंवर फार भिस्तही ठेवू नकोस. निकेलवाला वाण कोबाल्टलाही चमकतो, आणि तिशीपुढे तापमान गेलं की त्याच्या प्रकाशाचं विकर (एन्झाइम) ढेपाळतं. शेतात शिंपडायचं तर डोक्यातूनच काढ. जनुक बदललेले जीव मोकळे सोडण्यावर भारत सरकारच्या 1989 च्या नियमांचं बंधन आहे. चाचणी बाटलीतच करायची.

तेव्हा माती मला पाठव. नागमोडी चालत सात-आठ जागी, वरचा पाला बाजूला सारून, 15 ते 20 सेंटिमीटर खोलीची घे. ओढ्यालगतची वेगळी, वरच्या बांधाकडची वेगळी. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं अजिबात नको, नाहीतर आपण घमेलंच तपासू. प्लास्टिकची बादली घे, सावलीत वाळव. विहिरीचं पाणीही बाटलीभर दे, ते सरळ क्रोमेटच्या रासायनिक चाचणीला टाकू.

तोवर त्या तुकड्यात पालेभाजी करू नकोस. पालक तर नकोच, कॅडमियम ओढायला तो पटाईत. आणि वहिनींना सांग, ओढ्याकडच्या विहिरीचं पाणी पिण्याला वापरू नका, उकळून धातू जात नाही.

नमुने एसटीच्या पार्सलने टाकलेस तरी चालेल, पण स्वतः आलास तर जास्त बरं.

तुझा,
सुध्या