आदिवासींचे दालन आदिवासींना विचारून उभे राहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातील आदिवासींचा इतिहास जेथे जेथे लोकांसमोर मांडला जातो, मग ते संग्रहालयाचे दालन असो, स्मारक असो वा चौकातला फलक, तेथे काय ठेवायचे आणि खाली काय लिहायचे हे त्या समाजातील जाणत्यांसोबत बसून ठरवावे, अशी माझी मागणी आहे.

आपला आजवरचा आधार प्रामुख्याने इंग्रजी दप्तराचा आहे. 1825 साली जेम्स आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने उभारलेल्या भिल्ल पलटणीची हकीकत त्यात राज्यकर्त्यांचे यश म्हणून येते. एकेकाळी सेंधवा घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीची लढाई झाली. तीही आपण वाचतो ती जिंकणाऱ्यांच्या अहवालांतून. हे अहवाल जरूर दाखवावेत, परंतु सातपुड्यातील पाड्यांवर त्या काळाविषयी जे सांगितले जाते तेही ध्वनिमुद्रित करून शेजारीच ऐकवावे.

वस्तूंचा प्रश्न याहून नाजूक आहे. नंदुरबार जिल्ह्यातील काठी गावच्या राजवाडी होळीत बुध्या, म्हणजे होळीचे व्रतधारी नर्तक, होणारे लोक व्रत पाळून मोरपिसांचा टोप धारण करतात. तोच टोप काचेच्या कपाटात ‘वेशभूषा’ म्हणून मांडला, तर पाहणाऱ्याला त्यामागच्या व्रताचा पत्ताही लागत नाही. असा टोप दालनात ठेवावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझ्या मते व्रत पाळणाऱ्यांचाच आहे. अमेरिकेत जानेवारी 2024 पासून मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू त्यांच्या संमतीविना प्रदर्शित करता येत नाहीत. आपल्या शेजारी, भोपाळला 2013 मध्ये खुल्या झालेल्या जनजातीय संग्रहालयाची दालने तर आदिवासी कलावंतांच्याच हातून घडली आहेत.

शहादा परिसरात 1970च्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या आणि श्रमिक संघटनेच्या पुढाकाराने जमिनीसाठी जो लढा झाला, त्यात उतरलेले स्त्री-पुरुष आता उतारवयात आहेत. निदान त्यांचे कथन भिलोरी, पावरी, मावची अशा त्यांच्याच बोलींत, योग्य मानधन देऊन आणि त्यांच्या नावानिशी नोंदवून घेण्याचे काम खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी याच वर्षी हाती घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक इतिहास शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)