दापोडीच्या काकांना, ट्रेलरच्या वायरिंगबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘जेवलीस का?’ विचारता आणि विषय बदलता. असं तीनदा झालं. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं असं उघड लिहितेय. तुमची लेक परवा सांगत होती, की बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये वायरमन होते यापलीकडे नातवंडांना काहीच ठाऊक नाही. मग ठरवलं, की गेल्या हिवाळ्यात मेलबर्नच्या आमच्या गॅरेजमध्ये काय घडलं ते सगळं लिहायचं.

तुम्ही सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलात तेव्हा गाडीमागे जोडून भटकंतीला न्यायचा माझा ट्रेलर अर्धवट उभा होता. चॅसी तयार झाली होती, पाटे बसले होते, चाकं गाडीच्याच मापाची घेतली होती, म्हणजे स्टेपनी दोघांना चालावी. ड्रॉबारचे, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे, वेल्डिंगचे टाके मी माझ्या हाताने मारले नव्हते, ते जाणत्या वेल्डरकडून मारून घेतले होते. या सगळ्याबद्दल पुन्हा कधी लिहीन. घरी ट्रेलर बांधणं इथे नवलाचं नाही. सरकारी नियमपुस्तिकेत रुंदीपासून साखळीपर्यंत सगळं दिलेलं असतं आणि त्याप्रमाणे बांधलं तर रीतसर नोंदणी होते. माझ्या ट्रेलरचं भरलेलं वजन अकराशे किलोच्या घरात जाणार होतं, आणि ७५० किलोंच्या वर ब्रेक सक्तीचे, म्हणून इलेक्ट्रिक ब्रेकचा आस घेतला होता. वायरिंगही झालं होतं. दोन शनिवार-रविवार खपून मीच केलं होतं आणि मला ते सुबक वाटत होतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते चहाला. लोकरी टोपी, गुडघ्यांवर शाल, हातात स्टीलचा पेला. ट्रेलरभोवती एक फेरी मारलीत, खाली वाकून पाहिलंत आणि विचारलंत, “ही तार किती स्क्वेअर एमएमची?”

मी म्हटलं, “सहा.”

“सोलून दाखव.”

दुकानातून आणलेल्या रिळावर स्पष्ट ६ लिहिलेलं होतं. मी तुकडा सोलला. तुम्ही तांब्याचे धागे बोटांत फिरवलेत, चष्मा कपाळावर ढकललात आणि म्हणालात, “हे सहा नाही गं.” मला थोडा रागच आला होता, आज कबूल करते. मग आपण दोघांनी शोधलं. इथे गाडीची तार ‘सहा मिलिमीटर’ म्हणून विकतात ती बाहेरच्या रबरासकट जाडी असते. आतलं तांबं भरतं सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर. चार मिलिमीटर म्हणून मिळते तिच्यात तर दोन चौरस मिलिमीटरसुद्धा तांबं नसतं. आपल्याकडे दीड, अडीच, चार म्हटलं की ते तांब्याचंच माप असतं. इथे तसं नाही, हे इतकी वर्षं इथे राहून मला कळलं नव्हतं. तुम्हाला ते येऊन तीन आठवडे झाले असताना बोटांनी कळलं.

मग तुम्ही विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलंत आणि हिशेब मांडलात. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या पेटीपर्यंत आठ मीटर, जाऊन येऊन सोळा. तांब्याचा आकडा ०.०१७५ तुम्हाला पाठ होता. त्याला सोळाने गुणलंत, ४.६ने भागलंत, २५ अँपिअरने गुणलंत. दीड व्होल्ट! गाडीकडून निघालेल्या चौदा व्होल्टांतले दीड वाटेतच तार गरम करण्यात जाणार. वर गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा चार्जर असा, की व्होल्टेज कमी मिळालं तर तो जास्त करंट ओढतो. मग तार आणखी तापते आणि व्होल्टेज आणखी पडतं. तेच गणित साडेतेरा चौरस मिलिमीटरच्या तारेवर केलंत तेव्हा उत्तर जेमतेम अर्धा व्होल्ट आलं. ते पाकीट मी लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून लावलंय.

लोक सोलर पॅनेल किती वॉटचं आणि बॅटरी किती अँपिअर-अवरची यावर तासन्‌तास बोलतात. तारेबद्दल कोणी बोलत नाही. माझंही तेच झालं होतं. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, २०० वॉटचं पॅनेल, ४० लिटरचा फ्रिज, सगळं निवडून आणलं होतं आणि तार हाताला लागेल ती घेतली होती.

काका, तुम्ही तेव्हा जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. सगळं वायरिंग उपटायला लावलंत आणि एकाही तारेला स्वतः हात लावला नाहीत. मी दोनदा पक्कड तुमच्या हातात दिली, दोनदा तुम्ही ती परत माझ्याकडे केलीत. “मी केलं तर मी गेल्यावर तुला कोण सांगणार, काय कुठे आहे ते?” असं म्हणालात. सात आठवडे, दर शनिवारी आणि रविवारी, आठ-दहा डिग्रीच्या थंडीत घडीच्या खुर्चीवर बसून तुम्ही बोलत राहिलात आणि मी करत राहिले.

डाग द्यायचा नाही, हे पहिलं. मी बहुतेक जोड सोल्डरने पक्के केले होते आणि मला त्याचा अभिमान होता. तुम्ही एक जोड बोटांनी वीस-पंचवीस वेळा हलवायला सांगितलात. तार तुटली, आणि ती बरोबर डाग जिथे संपतो तिथेच तुटली. तिथे तार कडक होते आणि हादऱ्यांचा सगळा ताण त्याच जागी येतो. त्यानंतर आपण नीट मापाचे थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या, आणले, भाड्याने चांगलं क्रिंपिंगचं हत्यार आणलं आणि प्रत्येक थिंबल दाबून झाल्यावर तुम्ही म्हणायचात, “ओढ. जोर लावून ओढ.” निघाला तर परत.

मग अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट. चॅसी लोखंडाची आहे, अर्थ तिच्यातूनच येईल, असं मी धरून चालले होते. एसटीच्या बसमध्येही ते तसंच असतं असं तुम्हीच सांगितलंत आणि तक्रारींतल्या निम्म्या तिथूनच यायच्या हेही सांगितलंत. रंग, गंज, चिखल. म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार आली. चॅसीला भोक पाडून तार नेली तिथे तार घासू नये म्हणून रबरी कड्या (ग्रोमेट) बसवल्या. पेटीत शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली झोल दिला, कारण “पाणी तारेवरून चालत येतं, त्याला उतरायला जागा दे.”

टेस्ट लॅम्पची गोष्ट मी इथे भेटेल त्याला सांगते. माझ्याकडे महागातला मल्टिमीटर होता. तुम्ही आतून गंजलेल्या जोडाची एक जुनी तार शोधायला लावलीत आणि तिच्यावर मीटर लावायला सांगितलंत. मीटरने निमूट १२.६ दाखवलं. मग २१ वॉटचा जुना इंडिकेटरचा बल्ब त्याच तारेवर लावलात तर तो नुसता लालसर झाला. “लोड नसताना सगळ्या तारा चांगल्याच असतात,” असं म्हणालात आणि चहा मागितलात. तो बल्ब, दोन तारा आणि दोन चिमटे, एवढंच हत्यार आता माझ्या ट्रेलरच्या खणात असतं.

जे तुम्हाला ठाऊक नव्हतं तेही लिहिते, कारण त्यातूनही मी शिकले. तुमचं आयुष्य २४ व्होल्टच्या बसमध्ये आणि पाणी घालायच्या बॅटऱ्यांमध्ये गेलं. लिथियम तुम्ही कधी हाताळली नव्हती. “हे मला येत नाही, तू समजाव,” म्हणालात आणि छोटी डायरी उघडलीत. मी जे वाचलं होतं ते सांगितलं. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. चार्जिंग कधी थांबवायचं हे कोण ठरवतं? आणि शॉर्ट झाला तर ही बॅटरी किती करंट देते? दुसऱ्याचं उत्तर हजारो अँपिअर असं निघालं. मग तुम्ही विचारलंत की हा फ्यूज वितळल्यावर आतली ठिणगी विझेल का. माझ्याकडे होता तो त्या ताकदीचा नव्हता. आपण बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा, १० हजार अँपिअरचा शॉर्ट तोडू शकणारा फ्यूज मागवला. दुसरा फ्यूज गाडीच्या बॅटरीपाशी. मी एकच लावला होता. “या तारेला दोन्हीकडून वीज आहे. मध्ये कुठे घासली तर दोन्ही बॅटऱ्या तिच्यावर तुटून पडतील,” हे तुमचं वाक्य माझ्या मुलीने वहीत लिहून ठेवलंय.

इथल्या कायद्याप्रमाणे २४० व्होल्टच्या पक्क्या वायरिंगला परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुमचा चौतीस वर्षांचा अनुभव इथे कागदावर चालत नाही, हे सांगताना मला फार अवघड वाटत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “लायसन नाही तर हात नाही. दापोडीतही असंच होतं.” ट्रेलरमध्ये २४० आणायचंच नाही, असं मग आपण ठरवलं.

रंगांचं मात्र तुम्ही लहान मुलासारखं पाठ केलंत. सात पिनांचा प्लग: पिवळी डावी, काळी रिव्हर्स, पांढरी अर्थ, हिरवी उजवी, निळी इलेक्ट्रिक ब्रेक, लाल थांबायचे दिवे, तपकिरी टेल. आजोबा आणि नात गॅरेजमध्ये हे एकसुरात म्हणतायत, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि चिठ्ठ्या. तार दोन्ही टोकांना ओळखता आलीच पाहिजे हा तुमचा हट्ट. पांढऱ्या स्लीव्हवर मार्करने तुम्ही स्वतः लिहिलंत, ‘मागचा डावा’, ‘फ्रिज’, ‘पंप’, ‘सोलर’, ‘गाडीकडून’. तेवढं एक काम तुम्ही माझ्याकडून करून घेतलं नाहीत. “तुझं अक्षर चांगलं नाही,” म्हणालात. नंतर तुमच्या लेकीने सांगितलं, की हात थरथरतो म्हणून तुम्ही हल्ली सही करायलाही टाळता. त्या चिठ्ठ्यांत एक अक्षर वाकडं नाही, काका.

शेवटच्या रविवारी तुम्ही म्हणालात, मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या पाइपात एक तार जास्त ओढून ठेव. कशासाठी ते विचारलं तर म्हणालात, “कशासाठी ते रस्ता सांगेल.”

रस्त्याने सांगितलं. या जुलैत आम्ही ऊडनाडाटा ट्रॅकवर गेलो. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर कच्चा रस्ता, जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जाणारा. ती रेल्वेलाइन १९८०मध्ये बंद झाली, पूल आणि पडकी स्टेशनं राहिली. रेल्वेच्याही आधी या भागात माल उंटांवरून जायचा. ते उंटवाले ‘अफगाण’ म्हणून ओळखले गेले, पण त्यांच्यातले कितीतरी आपल्या उपखंडातले होते, हे मरीला वाचलं तेव्हा तुमची आठवण झाली. रस्ता मैलोन्‌मैल नालीदार पत्र्यासारखा. दात वाजतात, डब्यातले चणे पीठ होऊन निघतात. टायरमधली हवा कमी करून हळूहळू गेलो. कॉवर्ड स्प्रिंग्जला मुक्काम केला, जमिनीतून वर येणाऱ्या कोमट पाण्यात बसलो, आणि रात्री फ्रिजमधून थंड दही निघालं. बॅटरी सत्तर टक्के होती.

विल्यम क्रीकच्या थोडं अलीकडे मागचा डावा इंडिकेटर गेला. तुमचा बल्ब काढला. प्लगपाशी उजेड होता, दिव्यापाशी नव्हता. खाली झोपून पाहिलं तर उडालेल्या दगडाने पाइप फोडून पिवळी तार तोडली होती. आजूबाजूला मदत मागायला चिटपाखरू नव्हतं. दोन्ही टोकांना ‘मागचा डावा’ वाचलं, शेजारी ‘जादा’ होती, तिला दोन थिंबल लावले, जोर लावून ओढून पाहिलं. वीस मिनिटांत आम्ही परत रस्त्यावर होतो. मुलगी मागे उभी राहून ओरडत होती, “लागला, लागला! आजोबांना फोन कर!” तिथे रेंज नव्हती. म्हणून तेव्हा करायचा राहिलेला फोन मी आता या पत्राने करतेय.

गुडघ्यांना जपा. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा.

आपली,
मेलबर्नची शेजारीण

ता. क. : एक विचारायचं राहिलं. बाहेरच्या प्लगजवळच्या दोन चिठ्ठ्या, ‘गाडीकडून’ आणि ‘अर्थ’, उन्हाने फिकट व्हायला लागल्यायत. अक्षर अजून वाचता येतं. वरून गिरवू, की तुम्ही पुढच्या वर्षी येईपर्यंत टेप लावून झाकून ठेवू?