परतीच्या पावसाचा अंदाज सोंगणीच्या कामी यावा

संपादक महोदय,

सप्टेंबर उतरणीला लागला की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ‘विदर्भात पुन्हा मुसळधार’ अशा धाटणीचे मथळे दिसू लागतात. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. बुलढाण्याहून गडचिरोलीला जायचे तर चारशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता तुडवावा लागतो. एवढ्या मुलखाला एकच मथळा लावला, तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या दर्यापूर तालुक्यातील माझ्यासारख्या शेतकऱ्याने उद्या मजूर सांगावेत की नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. या दिवसांत आम्हाला हवे असते ते नेमके तेवढेच उत्तर.

सोयाबीनची पाने गळून शेंगा वाळल्या की पीक फार दिवस थांबत नाही. उभे ठेवले तर शेंगा तडकून दाणे मातीत जातात, आणि सोंगून म्हणजे कापून ठेवल्यावर पाऊस आला तर पसरलेल्या पिकातच दाण्यांना कोंब फुटतात. सोंगणीचा एक दिवस, वाळवणीचे दोन-तीन दिवस आणि मग मळणी, असे सलग चार-पाच कोरडे दिवस मिळाले तरच माल घरी येतो. आमची जमीन काळी आणि चिकण असल्यामुळे एक जोरदार सर पडली की पुढचे काही दिवस शेतात पाय घालवत नाही, मग मळणी यंत्राची तर गोष्टच सोडा. त्याच सुमारास कपाशीची खालची बोंडे फुटू लागतात. ती भिजली की कापसाची प्रत जाते, आणि १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल खरेदी केंद्रावर अडतो.

तरीही पाऊस थांबावा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे असल्याने हरभरा बहुतेक ठिकाणी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच येतो, आणि ती ओल याच पावसाची असते. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण जुन्या पिढीने ज्वारी आणि रब्बी डोळ्यांपुढे ठेवून केली असावी. हस्त-चित्रा नक्षत्रांच्या पावसाला तोंड देत सोयाबीन सोंगण्याची वेळ त्या पिढीवर आली नव्हती. एकच सर एका पिकाला तारते आणि दुसऱ्याला बुडवते, म्हणून आमचा प्रश्न पाऊस किती पडेल यापेक्षा केव्हा पडेल, हा आहे. ‘महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा अधिक’ या अंदाजाचा आम्हाला म्हणूनच फारसा उपयोग होत नाही, कारण महिनाभराचा पाऊस दोन संध्याकाळीही पडू शकतो.

मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून साधारणपणे १७ सप्टेंबरला परतू लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत संपूर्ण देशातून माघार घेतो. या तारखा २०२० मध्ये सुधारण्यात आल्या. त्याआधी राजस्थानसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरली जात असे. ‘परतीचा प्रवास सुरू’ ही बातमी वाचून काही जण सोंगणीची घाई करतात, पण ती बातमी राजस्थानची असते आणि आपल्याकडचा पाऊस त्यानंतरही कितीतरी दिवस मुक्काम ठोकून असतो. या काळात आपल्याकडे पाऊस दोन प्रकारे येतो. एक बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा, छत्तीसगड किंवा आंध्र-तेलंगणावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राचा. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि त्याच्या अवशेषांनी पुढच्या दोन दिवसांत विदर्भ-मराठवाड्याला झोडपून काढले. अशा पावसाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. दुसरा पाऊस दुपारच्या उन्हाने तापून उठणाऱ्या ढगांचा, विजांसह येणारा. तो एक शिवार भिजवतो आणि शेजारचे कोरडे ठेवतो. तो कोणत्या गावी पडेल, हे तीन दिवस आधी कोणी सांगावे अशी अपेक्षाच नाही. मात्र धोका प्रामुख्याने दुपारनंतरचा आहे, एवढे कळले तरी सकाळची सोंगणी उरकून दुपारी सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, ताडपत्रीखाली घालता येते आणि मजूर स्त्रियांना झाडाच्या आडोशाला न थांबता वेळेत घरी जाता येते. हे दोन्ही पाऊस आपल्याकडे एकाच मथळ्याखाली छापले जातात.

शब्दांचाही घोळ आहेच. ‘तुरळक ठिकाणी’ याचा हवामान विभागाच्या भाषेतील अर्थ, पाऊस मोजणाऱ्या एकूण केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी, असा आहे. पाऊस थोडा पडेल, असा नव्हे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे पडेल तिथे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. गेल्या वर्षी ‘तुरळक’ शब्दावर विसंबून मी सोंगणी लावली आणि तीन एकरांतले पसरलेले पीक भिजले. चूक माझीच होती, पण हा शब्द समजावून सांगणारी एक ओळही त्या बातमीत नव्हती. शिवाय पावसाची मोजणी सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी होते, त्यामुळे सोमवारी दुपारी पडलेल्या सरीचा आकडा मंगळवारचा म्हणून नोंदला जातो आणि छापील अंकात बुधवारी येतो. आकडा वाचताना हे ठाऊक असलेले बरे.

भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठे मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला प्रसिद्ध करतात, तर पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज गुरुवारी येतो. शेतीच्या हवामान सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ आणि विजांच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ही मोबाइल ॲपही उपलब्ध आहेत. परंतु माझ्या गावातील अनेक ज्येष्ठ शेतकरी आजही सकाळी पारावर आपला अंक वाचतात. म्हणून विनंती आहे की, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तरी बुधवारी आणि शनिवारी अर्धा स्तंभ या माहितीसाठी राखून ठेवावा. त्यात जिल्हावार, शक्य असेल तिथे तालुकावार, पुढच्या पाच दिवसांपैकी कोणते दिवस कोरडे जाण्याची शक्यता आहे, पाऊस सकाळचा की दुपारनंतरचा आणि तो उपसागराकडून येणारा की स्थानिक ढगांचा, एवढे साध्या मराठीत द्यावे. आधीच्या आठवड्याचा अंदाज कितपत खरा ठरला, हेही एका ओळीत छापल्यास वाचकाला अंदाजावर किती भरवसा ठेवायचा ते उमगेल. अंदाज चुकला म्हणून आम्ही आपल्याला दोष देणार नाही. नक्षत्रेसुद्धा आमच्या अंगणात पुष्कळदा चुकलेली आहेत.

माझे साडेतीन एकर सोयाबीन पिवळे पडून पानगळीला आले आहे. येत्या आठ-दहा दिवसांत मजुरांना सांगावे लागेल.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती