श्रीवर्धनच्या घराबाबत मुलीस पत्र

नाशिक

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले सातबाराचे उतारे, घराची मिळकत पत्रिका आणि साठेखताचा, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराचा, मसुदा मी बारकाईने वाचला. श्रीवर्धनला घर घ्यावे ही तुझी आणि जावईबापूंची इच्छा मला मनापासून आवडली आहे, हे आधीच सांगते. कारण पुढचा मजकूर वाचताना आई मोडता घालते आहे असे तुला वाटण्याचा संभव आहे. माझी उभी नोकरी दस्तनोंदणीच्या कार्यालयात गेली, त्यामुळे कागदांविषयी मी लिहिणारच. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की एवढ्या लहान गावात घराबरोबर विहिरीतला हिस्सा, आगरातली (घरामागच्या नारळी-सुपारीच्या बागेतली) वाट आणि शेजारपाजारही पदरात येतो, आणि तुम्ही तिथे वर्षातून किती राहणार हे ठरवल्याशिवाय हा व्यवहार करण्यात अर्थ नाही.

प्रथम कागद. आगराच्या सातबारावर मूळ मालकाच्या निधनानंतर वारसनोंद झाली आहे, पण ती मुलगे आणि नातवांपर्यंत येऊन थांबली आहे. मुलींपैकी दोघींचीच नावे दिसतात आणि बाकीच्या बहिणींचे काय झाले हे त्या फेरफारावरून (मालकीबदलाच्या नोंदीवरून) कळत नाही. मध्यस्थ म्हणतो की बहिणींनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हक्क सोडून दिला आहे. नोंदणी न झालेल्या अशा कागदाने स्थावरातला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदवलेलेच असावे लागते. ज्या बहिणी आज मुंबईला आणि ठाण्याला आहेत त्यांना कोणीतरी भेटून, त्यांना पैशाचा योग्य वाटा मिळतो आहे ना हे विचारून, त्यांच्या सह्या खरेदीखतावरच घेतल्या पाहिजेत. हे मी केवळ पुढे दावा लागेल म्हणून सांगत नाही. माहेरच्या आगरातला आपला हिस्सा आपल्याला न विचारता विकला गेला, असे म्हणणाऱ्या बायका मी कार्यालयाच्या व्हरांड्यात कितीतरी पाहिल्या आहेत, आणि तुझ्या घराच्या पायाखाली तसे कुणाचे दुःख असू नये असे मला वाटते.

विक्रेत्यांपैकी एक भाऊ आखातात आहे आणि त्याच्या वतीने सह्या करण्याचे कुलमुखत्यारपत्र मध्यस्थाकडे आहे, असे तू लिहिले आहेस. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित झालेले आहे का आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरले गेले आहे का, हे पाहा. नुसते साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून ताबा घ्या, खरेदीखत सवडीने करू, असे जर तो सुचवत असेल तर तिथेच थांब. अशा कागदांनी मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे.

घर बिनशेती जागेवर आहे, पण त्यामागचे नारळी-पोफळीचे आगर शेतजमीन आहे. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. निफाडच्या आपल्या मळ्यावर वारसाने तुझे नाव लागलेले आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा पुरावा तुझ्याकडे आहे. जावईबापूंच्या घरात शेती नाही, म्हणून आगराच्या दस्तात त्यांचे नाव घालण्याआधी वकिलांचा सल्ला घ्यावा. घर तुझ्या एकटीच्या नावे घेतलेस तर निवासी मिळकतीच्या मुद्रांक शुल्कात महिलांना असलेली एक टक्क्याची सवलतही मिळेल. त्यांना यात कमीपणा वाटणार नाही, इतके मी त्यांना ओळखते.

आता समुद्राचा विषय. किनारा नियमनाचे नियम पहिल्यांदा 1991 मध्ये आले, मग 2011 मध्ये आणि 2019 मध्ये नव्याने आले, आणि भरतीच्या कमाल रेषेपासून 500 मीटरपर्यंतची जमीन त्यांच्या कक्षेत येते. ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्ती असेल तर 50 मीटर आणि विरळ असेल तर 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. शहरी, आधीच वसलेल्या भागात जुना रस्ता किंवा जुने अधिकृत बांधकाम यांच्या जमिनीकडच्या बाजूलाच परवानगी मिळते. तुमचे आगर मागे थेट सुरूच्या बनाला जाऊन भिडते. म्हणजे तिथे समुद्राकडे तोंड करून दोन खोल्या बांधू, हे मध्यस्थाने रंगवलेले चित्र नगरपरिषदेकडून आणि किनारा आराखड्याच्या नकाशावरून तपासल्याशिवाय खरे धरू नकोस. सागरी महामार्ग होणार, दिघीला उद्योगनगरी येणार, भाव दुप्पट होणार, हेही तो सांगतो. दिघीच्या औद्योगिक क्षेत्राला केंद्राने 2024 मध्ये मंजुरी दिली हे खरे आहे. पण ज्याला राहायचे आहे त्याने भावाच्या आशेवर घर घेऊ नये. आपल्या गंगापूर रोडवर द्राक्षाचे मळे जाऊन बंगले कसे उठले आणि त्यातले कितीतरी नुसते गुंतवणूक म्हणून कसे बंद पडून राहिले, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस.

नाशिककराला पुराचे पाणी कुठवर आले हे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून कळते, आणि 2008 च्या पुरानंतर तर गोदेकाठी निळ्या आणि लाल पूररेषाच आखल्या गेल्या. श्रीवर्धनला तशी खूण शोधायची असेल तर ती शेजारच्या आगरांत आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. कौले, पत्रे, विजेचे खांब तर गेलेच, पण लोकांना बसलेला खरा फटका झाडांचा होता. पोफळीला रोपापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, नारळाच्या बाणवली जातीलाही तितकाच काळ जातो, आणि श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणून जिचा लौकिक आहे तिची जुनी झाडे एका दुपारी आडवी झाली. ज्यांची आगरे गुंठ्यांत मोजावी लागतात त्यांना हेक्टरी हिशेबाने मिळालेली मदत किती पुरली असेल, याचा तूच विचार कर. तुमच्या विक्रेत्यांच्या आगरात दक्षिणेच्या अंगाला पोफळीची झाडे एकसारख्या उंचीची आणि कोवळी आहेत, तर उत्तरेकडची उंच आणि वाकडीतिकडी आहेत, हे तुझ्या लक्षात आले का? दक्षिणेचा तुकडा वादळानंतर नव्याने लावलेला आहे. कोणीतरी कर्ज काढून, शिंपण करून तो वाढवला, आणि आता उत्पन्न हाताशी येत असताना तो विकायला निघाला आहे. असे का, हे विक्रेत्यांना आदराने विचार. कदाचित करणारे हात म्हातारे झाले असतील. बहुधा तेच कारण असेल.

मी तुझ्याबरोबर घर पाहायला आले तेव्हा तुम्ही दोघे पडवीची लांबी मोजत होता आणि मी विहिरीवर गेले होते. विहीर गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून आहे आणि तिच्यात तीन पंपांचे पाइप उतरलेले आहेत: एक आपल्या घराचा, दुसरा डावीकडच्या घराचा, तिसरा मागच्या अंगाच्या एका छोट्या घराचा. तिथे सुपारी सोलत बसलेल्या मागच्या घरच्या आजींनी मला सांगितले की चैत्र-वैशाखात तिन्ही घरे पाळीने पाणी घेतात, कारण उपसा जास्त झाला की पाण्याला मचूळ चव येते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे हे असेच असते. गोडे पाणी वर असते आणि ते ओढून काढले की खालून खारे पाणी चढते. तुम्ही आखलेल्या नकाशात पाहुण्यांसाठी पोहण्याचा छोटा तलाव आहे. तो भरायचा म्हणजे त्या आजींच्या माठातले पाणी खारट करायचे, आणि कायद्याने तुमचा हिस्सा असला तरी तसे करू नये अशी माझी तुला स्पष्ट सूचना आहे. विहिरीतला तिघांचा हिस्सा खरेदीखतात शब्दांत लिहून घे, म्हणजे तुमचाही हक्क राहील आणि त्यांचाही.

तसेच वाटेचे. मागच्या घरची माणसे आपल्या आगरातून पायवाटेने बनात आणि तिथून पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) जातात; झावळ्या, पातेरा, डोक्यावरचे भारे सगळे त्याच वाटेने येते. जावईबापूंनी नकाशावर आखलेली कुंपणभिंत नेमकी त्या वाटेवर येते. वीस वर्षे बिनहरकत, हक्काने चालत आलेल्या वाटेला सुखाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून वहिवाटीच्या हक्काचा, कायदा संरक्षण देतो, म्हणून ती अडवली तर दावा त्यांच्याच बाजूने जाण्याचा संभव अधिक. पण दाव्याचे राहू दे. वाट बंद केलेल्या घराला अडीअडचणीला कोण येईल? आधी तालुका भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घे, मोजणीच्या वेळी शेजाऱ्यांना स्वतः जाऊन बोलाव, आणि भिंत बांधायचीच असेल तर त्या जागी बेडे (ये-जा करायला लहान फाटक) ठेव.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव. तिथली देशमुखी त्यांच्या घराण्याकडे होती, ती सोडून ते घाटावर आले आणि पुढे पेशवे झाले. त्यांचा नातू रघुनाथराव आपल्या आनंदवल्लीला येऊन राहिला, हे तुला शाळेत असताना मीच दाखवले होते. त्या गावाला माणसे बाहेर जाण्याची सवय फार जुनी आहे. आधी पुणे-सातारा, मग मुंबईच्या गिरण्या, मग आखात. म्हणून आपण गेलो त्या आळीत सलग दारे कुलूपबंद दिसली, आणि एका घराच्या ओटीवर तर वाळवीने तुळई पोखरलेली दिसली. जी घरे उघडी आहेत तिथली माणसे बंद घरांकडेही पाहतात. पावसात कौल सरकले तर चाकरमान्याला फोन करतात, आगरात पडलेले नारळ गोळा करून ठेवतात. एक घर उघडले तर त्यांना हातभार लागतो. आणखी एक घर सुट्टीपुरते उघडून पुन्हा बंद झाले तर राखायचे आणखी एक घर त्यांच्या अंगावर पडते. तुम्ही पुण्याहून वर्षातून दोन लांब सुट्ट्यांनाच जाणार असाल आणि एरवी घर एखाद्या व्यवस्थापकाच्या हाती देऊन पाहुण्यांना भाड्याने देणार असाल, तर त्या आळीला तुमच्या येण्याने काय मिळेल, हे मला दिसत नाही.

पाहुणे ठेवण्याला माझा विरोध नाही. तिथली कितीतरी कुटुंबे घरगुती खानावळी आणि खोल्यांवरच मुलांची शिक्षणे करतात. पण ते स्वतः तिथे असतात, रात्री मोठ्याने गाणी लावणाऱ्या पाहुण्याला गप्प करतात, पुळणीवर गाडी घालू देत नाहीत. जीवना बंदराच्या कोळीवाड्यात मासळी वाळत घातली की वास येणारच, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या ओढून वर घेतलेल्या असणार; पाहुण्यांना ते आवडत नाही म्हणून नगरपरिषदेकडे तक्रार करणारी मंडळी किनाऱ्यावरच्या गावांत आता दिसू लागली आहेत. तू त्यांच्यात नसावीस.

तेव्हा माझे म्हणणे असे. जावईबापूंना आठवड्यातून चार दिवस घरून काम करता येते आणि तुझे भाषांतराचे काम कुठूनही होते. इसार देण्याआधी त्याच आळीत एखादे बंद घर मालकाला विचारून पावसाळ्याचे चार महिने भाड्याने घ्या. वीज किती वेळ जाते, माणगावहून घाटरस्त्याने येताना काय होते, दवाखाना रात्री उघडा सापडतो का, ओल भिंतीवर कुठवर चढते, आणि मुख्य म्हणजे तिथे तुम्हा दोघांना करमते का, हे त्यात कळेल. तोवर बहिणींच्या सह्यांचा प्रश्नही सुटेल किंवा सुटणार नाही हे स्पष्ट होईल. विक्रेते थांबायला तयार नसतील तर हे घर जाऊ दे. चार महिने राहून तुमचे मन बसले, तर किमतीत कमी पडणाऱ्या रकमेसाठी माझी मुदत ठेव मोडायला मी तयार आहे. तीवर तुझाच हक्क आहे.

येत्या रविवारी येशील तेव्हा 1950 नंतरचे सगळे फेरफार, आगराचा गटनकाशा, नगरपरिषदेची घरपट्टीची पावती आणि किमान तीस वर्षांचा मालकीचा शोध अहवाल घेऊन ये. अहवाल वकिलांनी स्वतः निबंधक कार्यालयात जाऊन केलेला असावा, मध्यस्थाने आणून दिलेला नको. मागच्या घरच्या आजींचा फोन नंबर मी घेऊन ठेवला आहे. पाळीचा हिशेब त्यांच्याकडे वहीत लिहिलेला आहे असे त्या म्हणाल्या, तर खरेदीखताचा मसुदा पक्का करण्याआधी त्यांच्याशी एकदा बोल.

जावईबापूंना नमस्कार, नातवास गोड पापा.

तुझी,
आई