पेपर सोडू नकोस

बंड्या,

तुझा मेसेज वाचला, पण फोनवर टाइप करून भागणार नाही म्हणून सरळ पत्रच लिहितोय. बँडवाले म्हणतात पेपरातलं लिहिण्याचं काम सोड, घरचे म्हणतात गिटार माळ्यावर टाक, आणि वर आता त्या नाटकवाल्यांच्या आत्मचरित्राचं शब्दांकन आलंय. मला विचारशील तर काहीच सोडू नकोस, पेपर तर अजिबातच नको.

लेनी के माहितीये ना, पॅटी स्मिथ या कवयित्री-गायिकेच्या मागे गिटार घेऊन उभा असतो तो? न्यूयॉर्कचा. १९६६ मध्ये लिंक क्रॉमवेल अशा भलत्याच नावाने एक रेकॉर्ड काढली, ती काही चालली नाही. मग मासिकांतून रॉकवर लिहायला लागला आणि ब्लीकर स्ट्रीटवरच्या जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात काम करायचा. वाद्यांशिवाय गाणाऱ्या गल्लीतल्या पोरांच्या ग्रुप्सवर त्याने 'जॅझ अँड पॉप'मध्ये एक लेख लिहिला, तो पॅटीने वाचला, इतका आवडला की तिने फोनच लावला. फेब्रुवारी १९७१ ला सेंट मार्क्स चर्चमध्ये ती कविता वाचतेय आणि हा मागे इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय! ऑडिशन वगैरे काही नाही रे, लेखानेच नेलं त्याला तिथे.

पुढे १९७२ ला इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीसाठी 'नगेट्स' नावाचा डबल अल्बम, साठच्या दशकातल्या, फारशा कुणाच्या लक्षात न राहिलेल्या गॅरेज बँड्सची गाणी यानेच निवडली, आतला मजकूरही यानेच लिहिला. त्यात पत्रकार किती आणि गिटारवाला किती ते तूच सांग. १९७४ ला पॅटीची पहिली सिंगल 'मेर' या घरच्याच लेबलवर आली, पैसे दिले रॉबर्ट मॅपलथॉर्पने, फोटोग्राफर, दोस्तच तिचा. मोठ्या कंपनीचा 'हॉर्सेस' हा तिचा अल्बम त्याच्या पुढच्या वर्षी. नंतर सुझॅन वेगा या गायिकेचे पहिले दोन अल्बमही लेनीने एका जोडीदाराबरोबर प्रोड्यूस केले.

पण मला जास्त आवडतं ते १९९६ चं. वेलन जेनिंग्स म्हणजे टेक्सासचा पक्का कंट्रीवाला, त्याच्या आत्मचरित्राचा सहलेखक कोण तर हा न्यूयॉर्कचा पंकवाला! मला त्यात नवल वाटत नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या आवाजाला साथ केलेला माणूस, कुठे भरायचं आणि कुठे हात उचलायचा हे त्याला कळणारच. तू शब्दांकनाला 'दुसऱ्याची हमाली' म्हणालास ना, ते नाही पटलं मला. बोलणाऱ्याची लय तशीच्या तशी कागदावर उतरवणं कानाचंच काम आहे, आणि कान तुझा चांगलाय, बोटांपेक्षा तर नक्कीच (रागावू नकोस).

एक पथ्य मात्र पाळ, ज्यांच्याबरोबर वाजवतोस त्यांच्या अल्बमचा रिव्ह्यू लिहायचा नाही, संपादकांनी कितीही गळ घातली तरी.

आणि शब्दांकनाला हो म्हण. फक्त पहिल्या बैठकीआधी मानधन आणि कव्हरवरचं नाव, दोन्ही लेखी घे, आणि रेकॉर्डर दोन ने.

तुझाच,
नंदू