स्पिती सहलीचा मार्ग ऐनवेळी उलटा केल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

दिनांक : 29 सप्टेंबर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
ठाणे (पश्चिम) शाखा

महोदय,

मे महिन्यात मी आपल्या शाखेत सासूबाई, यजमान आणि मी अशा तिघांची स्पिती सहल नोंदवून प्रत्येकी 46,500 रुपये भरले. शिमला, कल्पा, नाको, ताबो, काझा असे टप्प्याटप्प्याने चढत जायचे आणि परतीला कुंझुम खिंडीतून मनालीला उतरायचे, असा मार्ग माहितीपत्रकात छापला होता. प्रत्यक्षात 8 सप्टेंबरच्या रात्री चंदिगडला सहल व्यवस्थापकांनी, शिमल्यात खोल्या मिळाल्या नाहीत म्हणून सहल उलटी करू, ठिकाणे तीच राहतील, असे सांगून आम्हाला मनालीमार्गे नेले. माझ्या फोनवरील तक्रारीलाही आपण हेच उत्तर दिलेत. ते मला मान्य नाही.

मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे. तिथे एकच मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी सुमारे 4,550 मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडली आणि त्याच रात्री सुमारे 3,650 मीटरवरील काझात झोपलो. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. शिमला, कल्पा, नाकोवरून जाणारा किन्नौरचा रस्ता लांबचा असला तरी विरळ हवेची सवय होण्यास तोच अवधी देतो. सासूबाईंचे वय 66 असल्यामुळेच आम्ही ही सहल निवडली होती, आणि नोंदणी करताना मी ते आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलेही होते.

त्या रात्री दोनच्या सुमारास त्यांचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या आणि पडल्या पडल्याही धाप लागू लागली. गाडीतला ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, तर तो रिकामा होता. काझाच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांना लगेच खाली न्यायला सांगितले. सहल व्यवस्थापकांनी मात्र बाकीच्या प्रवाशांना की गोंपा हा बौद्ध मठ आणि कोमिक गाव दाखवायचे असल्याने गाडी देता येणार नाही, असे कळवले. सहप्रवाशांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट त्यांनीच आम्हाला धीर दिला. शेवटी 11,000 रुपये देऊन स्वतंत्र टॅक्सीने आम्ही रेकाँग पिओला उतरलो.

ताबो त्याच रस्त्यावर होते, पण थांबण्याची परिस्थिती नव्हती. सासूबाई बौद्ध आहेत आणि या सहलीसाठी त्यांनी निवृत्तिवेतनातून पैसे साठवले होते. इसवी सन 996 मध्ये स्थापन झालेला तो मातीच्या भिंतींचा विहार आणि त्यातील भित्तिचित्रे पाहणे ही त्यांची इच्छा होती. मंदिरात छायाचित्रे काढू देत नाहीत, त्यामुळे ती चित्रे तिथे उभे राहूनच पाहावी लागतात. गाडी ताबोवरून जाताना त्यांनी डोळे मिटूनच हात जोडले, हे मी विसरू शकत नाही.

न मिळालेल्या पाच दिवसांचे तिघांचे शुल्क, टॅक्सीचे 11,000 रुपये आणि रुग्णालयाचा खर्च आपण परत करावा, तसेच रिकाम्या सिलिंडरबाबत लेखी खुलासा द्यावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पुढील जूनच्या आपल्या जाहिरातीतही हाच किन्नौरचा मार्ग छापलेला आहे. तो उलटा करावा लागला, तर ज्येष्ठ प्रवाशांना निघण्यापूर्वीच पूर्ण परताव्यासह माघार घेऊ द्यावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

सोबत : पावती, माहितीपत्रक, रुग्णालयाची कागदपत्रे आणि टॅक्सीचे बिल यांच्या प्रती.

आपली ग्राहक,
(सही)
नौपाडा, ठाणे