बंडूचे हसणे

रामबाग, इंदूर
दि. 9 डिसेंबर 2025

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे सारे फोनवर सांगण्याचा विचार केला होता, परंतु फोनवर तू मध्येच तुझ्या होणाऱ्या विहीणबाईंच्या विषयाकडे वळतेस आणि मी आकाशवाणीच्या जुन्या सवयीने घड्याळाकडे पाहत बोलणे आटोपते घेते, तेव्हा पत्रच बरे. शिवाय ही गोष्ट श्रीकांतला सांगितली तर तो ‘चला, घसा तरी वाचेल’ असे म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो, आणि मुंबईच्या मंडळींना सांगावी तर आपला लहानपणचा पत्त्यांतला भिडू बंडू कोण हेच त्यांना ठाऊक नाही. इकडे सर्व ठीक आहे. आईंचे गुडघे पूर्वीसारखेच आहेत, श्रीकांतची साखर आटोक्यात आहे.

तर माझा मानसपुत्र, म्हणजे मी आवाज देते तो कार्टूनमधला पोरगा (हे नाव तूच चिडवण्यासाठी ठेवलेले आहे, त्यामुळे आता नाक मुरडू नकोस) यापुढे दुसऱ्या कोणाच्या घशातून बोलणार आहे. दिग्दर्शकाचा फोन आला, आणि तो सज्जन असल्यामुळे त्याने आधी इंदूरच्या थंडीची चौकशी करून घेतली. वरच्या पट्टीतली माझी वाक्ये गेल्या हंगामापासून संगणकावर चढवून घ्यावी लागत होती, हे मला माहीत होते. पट्टी अशी चढवली की ‘स’ आणि ‘श’ चिरके होतात आणि मूल बोलते आहे असे न वाटता चावीची बाहुली बोलते आहे असे वाटते, हे मी स्वतः हेडफोन लावून ऐकले होते. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिले. गाठी वगैरे काही नाहीत. पाळी गेल्यावर बायकांच्या स्वरतंतूंना जो जाडपणा येतो तेवढाच आहे, आणि त्यावर औषध नाही. ‘नऊ वर्षांच्या मुलाला रजोनिवृत्ती आली’ असे मी दिग्दर्शकाला म्हणाले, तेव्हा हसावे की सांत्वन करावे हे त्या बिचाऱ्याला कळेना.

वाईट वाटले, ते वाटणारच. परंतु कार्टून म्हातारे होत नाही आणि त्याच्यामागची माणसे होतात, हे या कामात शिरताना सर्वांनाच ठाऊक असते. जपानात डोरेमॉनला नोबुयो ओयामा या बाईंनी 1979 पासून 2005 पर्यंत आवाज दिला आणि मग साऱ्या जुन्या संचासह त्या बाजूला झाल्या. मिकी माउस तर प्रथम खुद्द वॉल्ट डिस्नेच्याच तोंडून बोलत असे. त्याला सवड मिळेना तेव्हा ते काम ध्वनिपरिणाम करणाऱ्या जिमी मॅकडॉनल्डकडे गेले, आणि त्याच्याकडून 1977 मध्ये वेन ऑलवाइनकडे. या रांगेत उभे राहण्यात कमीपणा नाही. माझी अडचण निराळी आहे. नव्या मुलीला मीच तयार करावे अशी कंपनीची इच्छा आहे, मुलगी इंदूरचीच असून अतिशय हुशार आहे, आणि तिला बंडूसारखे हसता येत नाही.

तू पुण्याहून फोन करून ‘अगं, हा आपला बंड्या हसतो आहे’ असे ओरडली होतीस, ते मला अजून ऐकू येते. इतक्या वर्षांत ते ओळखणारी तू एकटीच निघालीस. माईंच्या माडीवर मेंढीकोट लागला की तो जसा हसायचा, आधी आवाजच नाही, मग खिंकाळल्यासारखे तीन-चार झटके, मग श्वास आत ओढताना ती उचकी, आणि उचकीचेच हसू येऊन पुन्हा दुप्पट, तसेच्या तसे ते मी पहिल्या ध्वनिमुद्रणात करून टाकले. संहितेत नुसते ‘हसतो’ एवढेच लिहिलेले होते. परदेशी कार्टूनचे डबिंग असते तेव्हा चित्र तयार असते आणि आपण त्याच्या ओठांमागे धावतो. आपल्याकडच्या मूळ मालिकेत मात्र आधी आवाज घेतात आणि मग चित्रकार तो ऐकून तोंड काढतात. त्यामुळे झाले असे की चित्रकारांनी ती उचकीही काढली. सेकंदाला 25 चित्रे धावतात, त्यांतल्या सात-आठ चित्रांपुरता त्या पोराचा डावा खांदा वर उडतो आणि डोळे मिटतात. हसण्याचे ते चित्र एकदा तयार झाल्यावर पुन्हापुन्हा तेच वापरतात, कारण प्रत्येक भागासाठी नवे काढणे परवडत नाही. आता ही मुलगी छान, गोड, खळखळून हसते, आणि पडद्यावर खांदा उगाचच उडतो. पोराला मुंगी चावली असावी असे दिसते.

तुला वाटेल, एवढे काय त्यात, शिकवावे. मंजू, मी शिकवते आहे. लॉकडाउनमध्ये सर्वांनी घरीच मुद्रण सुरू केले तेव्हा आईंच्या गोधड्या भिंतींना ठोकून जी खोली केली होती, तिच्यातच आम्ही बसतो. बांगड्या आणि सळसळणारा कपडा काढून ठेवायचा, कारण माइक तो ऐकतो. आधी एक केळे खायचे, कारण माइक पोटही ऐकतो. पडणे, धडपडणे, किंचाळणे हे घसा फाडणारे प्रकार सर्वांत शेवटी घ्यायचे, नाहीतर संवादांना आवाज उरत नाही. हे सारे तिने एका बैठकीत उचलले. त्या पोराचे धापा टाकत बोलणे, तोंडात लाडू ठेवून बोलणे, खोटे बोलताना अर्धी पट्टी वर जाणे, सर्व तिला जमते, काही ठिकाणी माझ्याहून चांगले जमते, आणि हे मी तुला लिहिते आहे, तिला सांगितलेले नाही. ती रेडिओवरून आलेली नाही, मोबाइलवर छोटे व्हिडिओ करत आली आहे, म्हणून मी पहिल्या दिवशी जरा तोऱ्यातच होते. तो तोरा गेला. रेडिओवाल्यांना जे विसरायला वर्षे लागतात ते तिच्या अंगी मुळातच नाही.

इथे आपले जुने भांडण येते. मी मालवा हाउस, म्हणजे आपले इंदूरचे आकाशवाणी केंद्र, सोडून आधी खाजगी एफएमवर गेले तेव्हा तू आठवडाभर बोलली नव्हतीस, आणि पुढे कार्टूनच्या कामासाठी मुंबईला निघाले तेव्हा स्टेशनवर, सर्वांसमक्ष, म्हणालीस की ज्या केंद्राची परंपरा 1955 पासूनची, तिथली उद्घोषिका आता पोपटाचे आवाज काढणार. मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण गाडी सुटत होती. आता देते. त्याच केंद्राच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी कोण होते? आपण दोघी शाळेतून येताना पानवाल्याच्या दुकानाशी रेंगाळत होतो ते खताचे आणि बियाण्याचे भाव ऐकण्यासाठी नव्हे. त्या दोघांचे तोंड आपण कधी पाहिले नव्हते, तरी भेराजी पागोटे कसे सावरत असतील ते आपल्याला दिसत होते, आणि मी घरी येऊन त्यांची माळवी बोलले की तुझे बाबा सुपारी कातरायचे थांबत. कार्टून ते हेच, फक्त चित्र दुसऱ्या कोणीतरी काढलेले. बग्ज बनी या कार्टून-सशाला आवाज देणारा मेल ब्लँकही मूळचा रेडिओचाच माणूस. 1961 च्या मोटार अपघातानंतर तो शुद्धीवर येईना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला ‘बग्ज बनी, कसा आहेस?’ असे विचारले आणि तो सशाच्या आवाजात उत्तर देता झाला, ही हकीगत मी तुला सांगितली होती. त्यावर तू म्हणालीस, ‘तुला शुद्धीवर आणायला सात वाजून पाच मिनिटे झाली आहेत असे सांगावे लागेल.’ हे मी विसरलेले नाही.

एक मात्र मान्य करते, की रेडिओची सवय त्या कामात आडवी आली. एफएमवर सकाळच्या कार्यक्रमात पाच वर्षे ओठांवर हसू ठेवून बोलण्याची जी शिस्त लावलेली असते, ती अंधेरीच्या स्टुडिओत नडली. सुरुवातीला तर बाजारातल्या गर्दीचे आवाज, ‘पकडो पकडो’ आणि ‘अरे बाप रे’, एवढेच माझ्या वाट्याला येत असे, आणि तेही मी इतके स्पष्ट उच्चारी की डबिंगच्या दिग्दर्शिकेने काच वाजवून सांगितले, ‘मॅडम, आप अनाउन्स मत कीजिए.’ पुढे ओठ जुळवणे आले. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या वाक्यात तिथे प, ब किंवा म हवा, नसेल तर जागच्या जागी शब्द फिरवायचा. ती कसरत मला आवडू लागली. परंतु ‘आवाज चांगला असणे’ हा गुण तिथे कोणाला नकोच होता, हे पचायला वेळ लागला.

तर त्या मुलीचे हसणे. मी हसून दाखवते, ती जसेच्या तसे करते, आणि ते चुकते. पुष्कळ दिवस मला याचे कारण कळेना. मग एकदा मी आमच्या दोघींचे मुद्रण एकापाठोपाठ एक ऐकले आणि अंगावर काटा आला. ती माझे हसणे उचलते आहे. बावन्न वर्षांची, दम जपणारी, उचकीच्या आधी मनात मोजणारी एक बाई बंडूची नक्कल करते, आणि त्या नकलेची ही नक्कल. पहिल्या वर्षीच्या भागांचे मुद्रण तिला ऐकवून पाहिले. त्यात माझा आवाज कोवळा आहे, पण तीही नक्कलच. मॅकडॉनल्डने ऑलवाइनला दिले तसे आवाज हातोहात देता येतात असे मी समजत होते. संवादांच्या बाबतीत ते खरे असेलही. हसण्याच्या बाबतीत मला आता असे वाटते, की तिने ते माझ्याकडून घेऊच नये, मी जिथून घेतले तिथून घ्यावे.

दरम्यान कंपनीतल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी सुचवले, की जुन्या भागांतून माझे हसणे यंत्राला शिकवून ते हवे तेव्हा काढून घेता येईल, फक्त एका कागदावर सही हवी. 2024 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंहच्या आवाजाच्या अशा यांत्रिक नकलेला अंतरिम मनाई केली, तेव्हापासून सर्वजण कागद पुढे करू लागले आहेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मी सही केली नाही. माझ्या बोलण्यावर मी सही करू शकते. हसणे माझे आहे कुठे? ते बंडूचे आहे, आणि बंडूला याचा पत्ताच नाही. (त्याने मोबदला मागितलाच तर मेंढीकोटातल्या त्याच्या लबाड्यांचा हिशेब मी आधी पुढे करीन.)

आणि त्याला पत्ता नाही तो तुझ्यामुळे. ‘त्याला सांगशील तर तो हसायचा बंद होईल’ असे बजावून तू माझ्याकडून वचन घेतले होतेस. मला ते तेव्हा पटले होते, आजही पटते. ज्याला स्वतःच्या हसण्याची जाणीव झाली त्याचे हसणे गेलेच, हे माइकपुढे मी रोज अनुभवते. परंतु न सांगता हे जुळवावे कसे? त्याच्या बँकेच्या देवासच्या शाखेत जाऊन या व्यवस्थापक साहेबांपुढे एका अनोळखी मुलीला बसवायचे आणि ‘बंडू, हस’ म्हणायचे, हे शक्य नाही. काल अर्धी रात्र मी याच विचारात होते. मुलीलाही मी अजून काही सांगितलेले नाही. ती मात्र माझ्यावर विश्वास ठेवून रोज येते, उचक्या देते, आणि जाताना विचारते, ‘दीदी, आज थोडा ठीक था ना?’

मिलिंदच्या साखरपुड्याचे वाचून फार आनंद झाला. मुलगी फोटोत शांत दिसते, आपल्या घरात टिकेल. विवेकरावांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला येता आले नाही, त्यांना माझा नमस्कार सांग. विहीणबाईंशी मानपानावरून वाद घालू नकोस, माहेश्वरी साड्या मी इथून बघून ठेवते.

त्या साड्यांसाठी जानेवारीत येणार म्हणतेस, तेव्हा दोन दिवस अधिक काढ आणि एका रविवारी बंडूला इकडे जेवायला बोलाव. तुझ्या शब्दाबाहेर तो नाही. फक्त त्याआधी मला एवढे कळव, की त्याला हल्ली कशाचे हसू येते. गणपतीत आला होता तेव्हा मी आपल्या शाळेच्या ड्रिल मास्तरांपासून तुझ्या पहिल्या पुरणपोळीपर्यंत सर्व काही करून पाहिले, साहेबांनी नुसती मान हलवली आणि व्याजदरांविषयी सांगितले. मेंढीकोटाने अजून हसतो का? तसे असेल तर तू, मी, तो आणि चौथा भिडू म्हणून त्या मुलीला बसवता येईल. पत्ते तिला अजिबात येत नाहीत, पण महिन्याभरात तेवढे मी शिकवीन.

उत्तर लवकर पाठव.

तुझी,
सुधा